फोटोवरून रिलीफ काढणारं सॉफ्टवेअर: आठ महिने वापरून काय कळलं

गेल्या दसऱ्याला पूजा करून लायसन्स घेतलं, आता आषाढी तोंडावर आली. म्हणजे आठ महिने रोज वापरलंय, दोन दिवस ट्रायल बघून लिहायलोय असं नाही. सॉफ्टवेअरचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण फोटो टाका रिलीफ (उठावाचं कोरीव चित्र) घ्या हे बटण मी तीन वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमधे दाबून बघितलंय आणि तिन्हीकडं ते एकसारखंच वागतं. नाव लिहिलं की उगाच हे चांगलं का ते चांगलं यावर गाडी जाते.

आमचं सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत छोटं शेड आहे. चार बाय आठ फुटांचं राऊटर मशीन (कॉम्प्युटरच्या डिझाईनवरून लाकूड कोरणारं), पाण्यानं थंड होणारा स्पिंडल म्हणजे बिट फिरवणारी मोटर, मशीन चालवणारा डीएसपी कंट्रोलर, एवढंच भांडवल. आप्पा चाळीस वर्षं हातानं कोरीव काम करत आलेत, दारं, देवघरं, चौरंग. मशीन आणल्यापासून आमचं काम चालायचं ते पेनड्राईव्हवर. ज्यांच्याकडं मशीन आहे त्यांना माहितीय, हजारो डिझाईन भरलेली पेनड्राईव्ह मिळते, गणपती बालाजी मोर कमळ सगळं तयार, आणि तोच मोर गावातल्या प्रत्येक दुकानात. बहुतेकांकडं अजून आर्टकॅम हे जुनं डिझाईनचं सॉफ्टवेअरच चालतंय, ऑटोडेस्कनं ते २०१८ मधे बंद करून टाकलं तरी. मग गिऱ्हाईक यायचं की आमच्या आजोबांचा फोटो कोरून द्या, आमच्या घरातला देव कोरून द्या, आणि आपण नाही म्हणायचं. म्हणून हे घेतलं.

पहिलं काम विठोबाचं. कार्तिकीच्या आधी एक काका फोटो घेऊन आले, घरातल्या काळ्या पाषाणाच्या मूर्तीचा. फोटो टाकला, बटण दाबलं, स्क्रीनवर एकदम झकास दिसायलं, शेडिंग बिडिंग सगळं. खोली १२ मिमी ठेवली, शिवणची फळी लावली, रात्रभर मशीन चालवलं. सकाळी ब्रशनं भुसा झाडला आणि बघतो तर अख्खं तोंड खड्ड्यात, डोळे अजून खोल, आणि कपाळावरचा गंध बोटाएवढा वर आलेला. गळ्यात पांढऱ्या फुलांचा हार होता तो तर दोरखंडासारखा. आप्पांनी चष्मा लावून बघितलं आणि एवढंच म्हणाले, "देवाला आत कुणी ढकललं रे?"

इथंच सगळी गोम आहे. सॉफ्टवेअरला नाक, गाल, कपाळ काही कळत नाही. त्याला फक्त उजेड-अंधार कळतो. पांढरं म्हणजे उंच, काळं म्हणजे खोल, मधला करडा म्हणजे मधे. मूर्ती काळी म्हणून खाली गेली, गंध पांढरा म्हणून वर आला, त्याच्या हिशोबानं त्यानं बरोबरच केलं. स्क्रीनवर आपण फसतो कारण समोरून बघताना ते फोटोसारखंच दिसतं. रिलीफ फिरवून बाजूनं, आडवं करून बघायची सवय मला त्या फळीनं लावली.

तशीच दुसरी गंमत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या आधी झाली. सिद्धेश्वर मंदिराचा तळ्यासकट फोटो, स्मृतिचिन्हं करायची होती. यावेळी हुशारी करून आधी प्रिव्ह्यू आडवा करून बघितला, तर आभाळ सगळ्यात उंच, पाण्यावरची चमक त्याच्या खालोखाल आणि मंदिर दोघांच्या मधे दबलेलं. आभाळ पूर्ण काळं करायला लागलं, पाणी हातानं सपाट केलं, मग जमलं. तरी शिखराच्या उन्हातल्या बाजूचा उंचवटा आणि सावलीतल्या बाजूचा खड्डा राहिलाच होता, तो दुरुस्त करण्यात एक आख्खा दिवस गेला.

आता मी कसं करतो ते सांगतो, पटलं तर घ्या. फोटो थेट टाकतच नाही. आधी गिम्प या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधे, ते फुकट आहे आणि २.१० व्हर्जनपासून त्यात १६ बिटमधे, म्हणजे काळ्या-पांढऱ्याच्या जास्त बारीक पायऱ्यांत, काम करता येतं, बॅकग्राऊंड उडवतो, ब्लॅक अँड व्हाईट करतो आणि मग ब्रश घेऊन उंची रंगवतो. हो, रंगवतोच. भुवया मिशा काळ्या असतील तर उजळ करायच्या, गंध खाली घ्यायचा, नाकाची एका बाजूची सावली काढायची. त्यानंतर सॉफ्टवेअरमधे आधी चेहऱ्याच्या मापाचा अंडाकृती फुगवटा तयार करतो ५-६ मिमीचा, नाकाला वेगळा उंचवटा, आणि त्यावर फोटोचा थर फक्त दीड मिमीचा अ‍ॅड करतो. फोटोकडून फक्त सुरकुत्या, केस, कपड्याच्या चुण्या घ्यायच्या, आकार आपणच द्यायचा. ही युक्ती खरं तर आप्पांची. ते म्हणाले मी हातानं करतो तेव्हा आधी कपाळ, नाक, हनुवटी कुठंपर्यंत येणार ते ठरवून घेतो, डोळे सगळ्यात शेवटी, तुझं यंत्र डोळ्यापासनं सुरू करतंय.

हल्ली एआयवरून डेप्थ मॅप, म्हणजे कुठला भाग किती जवळ किती लांब याचं चित्र, काढून मिळतो, तेही वापरून बघितलं. काळ्या विठोबाला ते फसत नाही, हे मान्य. पण ते खरं अंतर काढायला बघतं, आणि पूर्ण माणसाची खोली १० मिमीत दाबली की पापण्या, ओठाची रेघ सगळं पुसून जातं, साबणाच्या वडीसारखा चेहरा येतो. फुगवट्यासाठी तो वापरायचा आणि बारकाव्यासाठी फोटो, असं दोन्ही मिळवून बरं निघतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो तसाच वापरू नका बाबांनो. जेपीजीमधे चित्र ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकटीत दाबलेलं असतं आणि कॉम्प्रेशन जास्त झालं की त्या चौकटी गालावर, कपाळावर फरशी बसवल्यासारख्या उठतात. डोळ्याला फोटोत दिसत नाही, लाकडात बोटाला लागतं. गिऱ्हाईकाला सांगायचं डॉक्युमेंट म्हणून पाठव. आणि साध्या ८ बिट फोटोत काळ्या-पांढऱ्याच्या पायऱ्या २५६ च असतात, १२ मिमी खोलीत एक पायरी साधारण ०.०५ मिमीची पडते. लाकडावर सँडपेपर फिरवला की जाते, कोरियनवर (किचन ओट्याला वापरतात तो कृत्रिम दगड) पॉलिश करून तिरप्या उजेडात धरलं की नकाशातल्या रेघांसारखं दिसतं. फोटो मुळात मळकट असेल आणि त्यात शंभरच पायऱ्या वापरल्या गेल्या असतील तर तीच पायरी ०.१२ होते. थोडा ब्लर, दोन-तीन पिक्सेलचा, मारला की बराच फरक पडतो. जास्त मारला की आजोबा तरुण होतात, ते वेगळं.

कोरियनवरून आठवलं, लिथोफेनला मात्र हे बटण डोळे झाकून दाबा. मागून लाईट लावून बघायचं चित्र असतं ते, तिथं जाड भाग काळा दिसतो आणि पातळ भाग उजळ, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधारावरूनच जाडी ठरते. फक्त उलटं करायचं, काळं वर पांढरं खाली. किचनवाल्यांकडनं पांढऱ्या कोरियनचे उरलेले तुकडे मिळतात, त्यावर लग्नाचे फोटो केले. पहिल्याच फटक्यात बरोबर आले, आणि मीच चाट पडलो.

वेळेचा हिशोब कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. ३०० बाय ४०० मिमीचं पॅनल, १ मिमी टोकाचा टेपर बॉल नोज बिट (गोल टोकाचं निमुळतं कोरायचं पातं), स्टेपओव्हर म्हणजे दोन फेऱ्यांमधलं अंतर ०.१ मिमी. म्हणजे ४०० मिमीच्या ३००० फेऱ्या, झाले १२०० मीटर. फीड, म्हणजे बिट पुढं सरकायचा वेग, ३००० मिमी मिनिटाला धरला तर ६ तास ४० मिनिटं, आणि चेहऱ्यावर वर-खाली करताना मशीन तो फीड गाठतच नाही, त्यामुळे माझ्याकडं नऊ तास लागतात. स्टेपओव्हर ०.२ केला तर वेळ निम्मा, आणि दोन फेऱ्यांमधे राहणारी धार ०.०१ मिमीची, लाकडात ती कुणाच्या बापाला दिसत नाही. मी पहिले तीन महिने उगाच ०.१ वर रात्री काढल्या. शिवाय १५०० पिक्सेलचा फोटो ३०० मिमीवर पसरला की एक पिक्सेलच ०.२ मिमीचा होतो, त्याच्या खाली जाऊन बिट काय शोधणार.

रफिंग, म्हणजे आधीचं ढोबळ कोरणं, वेगळं करा, ६ मिमीच्या बिटनं. वेळ वाचवायला थेट बारीक बिट घातला की टोक जातं. सागवान तर बिट लवकर बोथट करतो, त्यात सिलिका असते. फिनिशिंगच्या फेऱ्या लाकडाच्या रेषेच्या दिशेनंच घ्या, आडव्या घेतल्या तर नाकाच्या शेंड्याला तुस निघतं.

तक्रारी आहेत. कॉम्प्युटर ८ जीबी रॅमचा होता, रिझोल्युशन वाढवलं की सॉफ्टवेअर तोंड वासून बसायचं, १६ केल्यावर सुधारलं. ट्रायलमधे टूलपाथ, म्हणजे बिटनं कसं फिरायचं ती मशीनची फाईल, सेव्हच होत नव्हता, त्यामुळे पैसे भरेपर्यंत लाकडावर काय येणार ते कळलंच नाही, आणि विठोबाचं तुम्ही वर वाचलंच. व्हिडिओत दाखवतात ते सगळे फोटो निवडून घेतलेले असतात, एका बाजूनं सारखा उजेड, गोरा चेहरा, मागं काळं. आपल्याकडं येतो तो १९८० चा स्टुडिओतला फोटो, कोपऱ्यात हळदीकुंकू लागलेला.

लाईटचा प्रश्न सॉफ्टवेअरचा नाही, पण भोगायला लागतो. पाच तास झालेले असताना लाईट गेली, कंट्रोलरनं जिथं थांबला तिथून पुढं घेतलं खरं, पण अर्ध्या मिमीनं सरकून, आणि एका बाईंच्या कपाळाला आडवी चीर पडली. तेव्हापासून प्रत्येक जॉबला झीरो (काम सुरू होतं ती जागा) लिहून ठेवतो आणि लाईट आल्यावर होमिंग करूनच, म्हणजे मशीन मूळ कोपऱ्यावर नेऊनच, पुढं जातो. मोठा जॉब दोन तुकड्यात तोडतो. आणि एप्रिल-मे मधे स्पिंडलच्या बादलीतलं पाणी चहाला चालेल इतकं तापतं, दुपारी त्यात बर्फ टाकलाय मी.

गिऱ्हाईकाला समजावणं सगळ्यात अवघड. "फोटो टाकला की मशीन कोरतंय की, मग चार दिवस कशाला?" मी आता ती विठोबाची फळी काढून दाखवतो. फोटो टाकला की असं येतं, चार दिवस दिले की असं, म्हणून शेजारी दुसरी ठेवतो. बहुतेक जण गप्प बसतात. एकानं पहिलीच स्वस्तात मागितली बे.

पैसे वसूल झाले का, तर झाले, फेब्रुवारीतच. पण पेनड्राईव्हवरच्या दारांवर ज्यांचं भागतंय त्यांनी घेऊ नका, आणि ज्याला दोन तास बसून गाल रंगवायचा कंटाळा आहे त्यानंही नको. डोळ्याच्या बाहुल्या मी अजून मशीनवर सोडत नाही, शेवटचा अर्धा तास आप्पा पटाशी घेऊन बसतात.

सध्या मशीनवर पंढरपूरकडच्या एका आजोबांचं पॅनल लावलंय. फेटा पांढरा, मिशा पांढऱ्या, धोतर पांढरं, सगळंच वर यायला बघतंय, काल रात्री बारापर्यंत नुसत्या मिशा खाली घेत होतो. लाईट टिकली तर उद्या दुपारी निघेल.