कलम ३२ की कलम २२६? दिल्लीची वाट धरण्याआधी

‘आता थेट सुप्रीम कोर्टातच जातो!’ तहसीलसमोरच्या टपरीवर चहा गार होईस्तोवर हे वाक्य एकदा तरी ऐकू येतंच. समजा, बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची वीस गुंठे जमीन रस्त्यात गेली. ना नोटीस, ना पंचनामा, ना मोबदला. त्यानं राज्यघटनेच्या कलम ३२ खाली थेट दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात जावं, की कलम २२६ खाली मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात?

मान कलम ३२ चा मोठा, यात वाद नाही. डॉ. आंबेडकरांनी ९ डिसेंबर १९४८ ला संविधान सभेत या कलमाला घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटलं होतं. दाद मागण्याचा हा हक्क स्वतःच मूलभूत हक्क आहे. २२६ चं तसं नाही. तिथं रिट, म्हणजे सरकारला किंवा अधिकाऱ्याला द्यायचा न्यायालयाचा आदेश, द्यायची की नाही हा उच्च न्यायालयाचा विवेक. दुसरा उपाय शिल्लक असेल तर ‘आधी तिकडं जा’ म्हणून परत पाठवू शकतात.

पण ३२ चं दार उघडतं ते फक्त घटनेच्या भाग ३ मधल्या मूलभूत हक्कांसाठी. आणि जमिनीचा हक्क त्या भागात राहिलेलाच नाही! १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं मालमत्तेचा हक्क तिथून काढला आणि कलम ३००-अ मध्ये ठेवला. जून १९७९ पासून तो घटनात्मक हक्क आहे, मूलभूत नाही. म्हणजे नुसत्या मोबदल्यासाठी ३२ ची याचिका मुळातच लंगडी. २२६ मात्र मूलभूत हक्कांसाठी आणि ‘इतर कोणत्याही प्रयोजनासाठी’ही चालतं. मान कमी, पण आवाका मोठा. माझं मत विचाराल तर आपल्याकडच्या माणसाला शंभरात पंच्याण्णव वेळा हेच कलम कामाचं.

हिमाचलमधलं एक प्रकरण बघा. १९६७-६८ मध्ये एका निरक्षर बाईची जमीन भूसंपादन न करताच रस्त्याला घेतली. ती २०१० मध्ये उच्च न्यायालयात गेली. तिथं ‘दिवाणी दावा करा’ असं सांगितलं गेलं. अपिलात सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली, उशिराची सबब न ऐकता, मोबदला द्यायला लावला. दिल्ली आलीच, पण उच्च न्यायालयाच्या वाटेनं, कलम १३६ खाली, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या खास परवानगीनं केलेल्या अपिलात.

एक धोका मात्र वकिलाला आधी विचारा. २२६ ची याचिका गुणदोषांवर, म्हणजे मुद्दे तपासून, फेटाळली गेली, तर त्याच मुद्द्यावर पुन्हा ३२ खाली जाता येत नाही. १९६१ पासून हे पक्कं आहे. मग अपिलाचीच वाट.

खर्चाचं काय सांगावं! २७ ऑगस्ट १९८१ ला खंडपीठ सुरू झालं, त्याआधी मराठवाड्यातला पक्षकार मुंबईच्या वाऱ्या करायचा. आता सकाळच्या एसटीनं जाऊन रात्री घरी.

मग ३२ कधी? पोलिसांनी माणूस उचलला आणि पत्ता लागत नाही, अशा वेळी दोन्ही दारं उघडी असतात, पण जवळचं गाठावं. संसदेचा एखादा कायदा अनेक राज्यांतल्या लोकांच्या मूलभूत हक्कांवर येत असेल, तेव्हा दिल्लीचा विचार करा.

काही प्रकरणं या दोन्हीत बसत नाहीत. राज्य सरकारी नोकरीचं भांडण आधी प्रशासकीय न्यायाधिकरणात, खासगी शाळेतल्या शिक्षकाच्या बडतर्फीचं शाळा न्यायाधिकरणात. आणि भावकीतलं बांधाचं भांडण? ते दिवाणी कोर्टातच. भावाविरुद्ध रिट नसते.

वकिलाकडं जाताना सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा आणि दिलेल्या प्रत्येक अर्जाची शिक्का मारलेली पोच सोबत ठेवा. आपली जमीन कुणी, कधी घेतली याचा कागदच नसेल, तर ‘हे पुराव्याचं प्रकरण, दिवाणीत जा’ हे उत्तर खंडपीठातही मिळू शकतं. पोच नसेल तर आजच नवा अर्ज लिहा आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.