कुमॉनचं गणित: सातवीच्या मुलाला तिसरीची वजाबाकी कशाला?

कुमॉन या वर्कशीटवर चालणाऱ्या जपानी पद्धतीच्या क्लासला मूल घातलं की पालकांना पहिला धक्का ठरलेला. मूल सातवीत, आणि हातात येते तीन अंकी वजाबाकी. यात फसवणूक नाही, पद्धतच ती आहे. प्रवेश चाचणीत किती उत्तरं बरोबर आली याबरोबर किती वेळात आली तेही बघतात, आणि मूल जिथे न अडखळता सोडवतं तिथून सुरुवात करतात. ओसाकातले गणिताचे शिक्षक तोरू कुमॉन यांनी 1954 मध्ये आपल्या दुसरीतल्या मुलासाठी सरावाचे कागद लिहायला घेतले, तेव्हापासून इयत्तेपेक्षा मुलाची तयारी मोठी, हे सूत्र कायम आहे.

एका लेव्हलला 200 वर्कशीट. बी मध्ये उभ्या मांडणीची बेरीज-वजाबाकी, सी मध्ये गुणाकार आणि भागाकाराची सुरुवात, डी मध्ये मोठा भागाकार, ई-एफ मध्ये अपूर्णांक, जी पासून ऋण संख्या आणि बीजगणित. आठवड्यातून साधारण दोनदा सेंटरवर, बाकीचे दिवस घरी. चुकलेलं उदाहरण मुलानेच दुरुस्त करायचं. ठरलेल्या वेळेत वर्कशीटचा संच बसला नाही तर तोच परत. रोज 10 वर्कशीट झेपत नसतील तर 5 किंवा 3 करून मिळतात, पण बहुतेक पालक ते मागतच नाहीत आणि घरात रोज रडारड चालते.

मुलागणिक बदलतं ते इथे दोनच ठिकाणी: सुरुवात कुठून आणि वेग किती. चूक कशी झाली, हे वर्कशीटला कळत नाही. 402 वजा 187 घ्या. एका मुलाचं उत्तर 385 येतं: प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला, हातचा घेतलाच नाही. दुसऱ्याचं 225: शतकातून हातचा घेतला, पण दशकस्थानी 10 चे 9 करायचे राहिले. पहिल्याला दशकाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या घेऊन बसवावं लागतं. दुसऱ्याला शून्यावरून हातचा घेण्याची दहा उदाहरणं पुरतात. दोघांनाही परत तोच संच दिला, तर पहिल्याची चूक आणखी पक्की होते. हा फरक ओळखणारा इन्स्ट्रक्टर मिळाला तर फी वसूल.

घरी सर्वांत जास्त घोळ वेळेच्या नोंदीत होतो. मूल मधे उठलं, पाणी पिऊन आलं, आईने ‘असू दे’ म्हणून कमी मिनिटं लिहिली, की सेंटर त्याला पुढे ढकलतं. मग डी मध्ये सगळं उघडं पडतं, कारण मोठ्या भागाकारात पाढे, अंदाज आणि वजाबाकी एकदमच लागतात.

राज्य मंडळाच्या नववी-दहावीच्या मुलांसाठी मात्र हा क्लास नाही. दहावीला गणित भाग 2, म्हणजे भूमिती, लेखी 40 गुणांची. त्यातल्या सिद्धता आणि रचनांची तयारी इथे होत नाही. शाब्दिक उदाहरणंही मोजकीच. तिसरी ते सातवी, आकडेमोड कच्ची पण गणिताची भीती अजून न बसलेली, अशा मुलांना उपयोग खरा.

फी भरण्याआधी एवढंच विचारा: ‘तोच संच तिसऱ्यांदा द्यायची वेळ आली तर तुम्ही काय करता?’ ‘परत देतो’ एवढंच उत्तर आलं, तर दुसरं सेंटर बघा.