गाडीशिवाय चार दिवस: म्हैसूर की कोची?

म्हैसूर स्टेशनपासून राजवाडा जेमतेम दोन किलोमीटर, देवराज मार्केटही जवळच. रविवारी संध्याकाळी राजवाड्यावर लाखाच्या घरात दिवे लागतात, म्हणून मुक्काम रविवार धरूनच ठरवा. रेल्वेची सहल म्हणाल तर श्रीरंगपट्टण. स्टेशन किल्ल्याच्या आतच आहे, रंगनाथस्वामींचं देऊळ तिथून चालत गाठता येतं. टिपू 1799 मध्ये पडला तो हाच किल्ला. पण त्यापुढे गाडी अडते: होयसळ मंदिरासाठी प्रसिद्ध असलेल्या सोमनाथपूरला रेल्वे नाही, आणि बेंगळुरू एका दिवसात उरकायचं शहर नव्हे.

कोचीची मजा वेगळी. मुक्काम एर्नाकुलम जंक्शन, म्हणजे कोचीच्या मुख्य रेल्वे स्टेशनजवळ करा. 2023 पासून वॉटर मेट्रो, म्हणजे मेट्रोसारखी बोटसेवा आहे, शिवाय सरकारी बोटी. फोर्ट कोचीला पाण्यातून जाणं हीच अर्धी सहल! मट्टनचेरीतलं 1568 चं ज्यू प्रार्थनास्थळ शनिवारी बंद असतं, तो दिवस टाळा. अलेप्पी, म्हणजे आलप्पुळा, रेल्वेने साधारण तास-सव्वा तासावर. तिथे महागड्या हाउसबोटीऐवजी जेट्टीवरून सुटणारी सरकारी प्रवासी बोट पकडा. शाळेची मुलं, बाजारहाट करून परतणाऱ्या बायका आणि दोन्ही बाजूंना भातखाचरं, बॅकवॉटर खरं तिथूनच दिसतं. दुसऱ्या दिवशी त्रिशूर: वडक्कुन्नाथन मंदिरात पुरुषांना सदरा काढून जावं लागतं, मुंडू (केरळी पद्धतीची लुंगी) सोबत असू द्या.

आईवडील बरोबर असतील, चालणं कमी हवं असेल, तर म्हैसूर. बाकी कोणीही विचारलं तर मी कोचीच सांगेन. कोकण रेल्वेने जायचं असेल तर पावसाळ्यात वेळापत्रक बदलतं, ते पाहूनच तिकीट काढा.