गुंठा की आर: सोलापुरातील दोन मापे

सोलापूरच्या बाजारात ज्वारी किलोवर आणि कापड मीटरवर मिळते, कारण 1956 च्या कायद्यानंतर देशाने टप्प्याटप्प्याने दशमान पद्धत स्वीकारली. टॉवेलची लांबी-रुंदी मात्र अजून इंचांत सांगितली जाते. 30 बाय 60 म्हटले की आकार लगेच डोळ्यांसमोर येतो, आणि 76 बाय 152 सेंटिमीटर या आकड्यांना ती सोय नाही. तेथे इंच राहिला तरी कोणाचे काही बिघडत नाही.

जमिनीचे तसे नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, व्यवहाराची बोलणी मात्र एकर-गुंठ्यांत होतात, आणि गुंठा व आर जवळपास सारखे असल्यामुळे पुष्कळजण ते एकच समजतात. वास्तविक आर म्हणजे 100 चौरस मीटर, तर गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, अर्थात सुमारे 101.17 चौरस मीटर. एका गुंठ्यात हा फरक नगण्य वाटतो; परंतु 40 गुंठ्यांच्या एकराऐवजी 40 आर लिहिले गेले, तर सुमारे 47 चौरस मीटर, म्हणजे 500 चौरस फुटांहून अधिक जागा कमी भरते. शहरालगत तेवढ्या जागेत एक छोटे घर उभे राहते. म्हणून बोलणी गुंठ्यांत झाली तरी खरेदीखतात क्षेत्र चौरस मीटरमध्येच लिहून घ्यावे, असे माझे ठाम मत आहे.