शँकवायलर्स ड्राइव्ह-इन: खांबावरच्या स्पीकरपासून एफएमपर्यंत

ड्राइव्ह-इन म्हणजे उघड्यावरचं, गाडीत बसूनच सिनेमा बघायचं थिएटर. पेनसिल्व्हेनियात ॲलनटाउनजवळ ऑरफील्डला शँकवायलर्स हे असं थिएटर १९३४ पासून आहे. अमेरिकेत आज चालू असलेलं सगळ्यात जुनं ड्राइव्ह-इन हेच. जगातलं पहिलं १९३३ मध्ये न्यू जर्सीत कॅमडेनजवळ निघालं, ते कधीच बंद पडलं. विल्सन शँकवायलर यांनी सुरू केलेल्या या थिएटरला १९५५ च्या डायन वादळाचा तडाखा बसला, मग पडदा नवा उभारावा लागला. पुढे मालक बदलले; १९८४ पासून २०२२ पर्यंत एका जोडप्यानेच ते सांभाळलं. पाटीवर नाव मात्र मूळ घराण्याचंच.

सिनेमाचा आवाज १९८६ पासून गाडीतल्या एफएम रेडिओवर. गाडीशेजारच्या खांबावरच्या स्पीकरचा खरखराट गेला, पण भार आला तुमच्या बॅटरीवर. किल्ली ॲक्सेसरीवर ठेवा (इंजिन बंद, रेडिओ चालू), पंखा आणि आतले दिवे बंद करा. बॅटरी जुनी असेल तर सेलवर चालणारा छोटा रेडिओ न्या, नाहीतर शेवटी धक्का मारायला माणसं शोधावी लागतील. काही नव्या गाड्यांचे हेडलाइट आपोआप लागतात. ते कसे घालवायचे हे घरीच पाहून ठेवा, ऐन सिनेमात शेजारी शिव्या घालतात.

जून-जुलैत अंधार नऊच्या पुढेच पडतो, त्यामुळे लहान मुलं अर्ध्यात झोपतात. काचेवर धुकं धरलं की दोन्हीकडच्या काचा बोटभर खाली करा. डिकीचं दार वर उघडणारी गाडी मागची बाजू पडद्याकडे करून लावायची असेल तर ते दार छताच्या उंचीला दोरीने बांधा, मागच्यांचा पडदा झाकू नका.

बाकी, पावसात वायपर लावून सिनेमा बघण्यात मजा नाही.