बडोद्यातलं 'मूड पॅनेल': टीएसएच करा, बीडीएनएफ सोडा

दांडिया बाजार-रावपुरा भागात घरी येऊन रक्त नेणाऱ्या एका लॅबच्या 'मूड पॅनेल'बद्दल, म्हणजे मनःस्थितीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या रक्तचाचण्यांच्या पॅकेजबद्दल, हे लिहितोय. त्यात टीएसएच (थायरॉइडची चाचणी), बी12, ड जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन आणि बीडीएनएफ (मेंदूशी संबंधित एक प्रथिन) आहे. पहिल्या चारांबद्दल तक्रार नाही. थायरॉइड मंदावलं किंवा बी12 घटलं की उदासी, थकवा, विसराळूपणा येऊ शकतो आणि त्यावर सरळ उपचार आहेत. रक्त घेणाऱ्याचा हातही चांगला, नस पहिल्याच टोचणीत सापडली. पॅकेज महाग होतं ते बीडीएनएफमुळे, आणि गाडी अडते तीही तिथेच.

बीडीएनएफ हे मेंदूतल्या पेशींना जगवणारं, त्यांच्या जोडण्या टिकवणारं प्रथिन. बार्ड आणि थोनेन यांच्या गटाने 1982 मध्ये ते डुकराच्या मेंदूतून वेगळं काढलं. नैराश्याच्या रुग्णांच्या सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवात, ते सरासरीने कमी सापडतं. बायपोलर आजारात मेनिया (अतिउत्साह) आणि डिप्रेशन, दोन्ही टप्प्यांत कमी. उपचारानंतर बरेचदा वाढतं. पण हे सगळं गटाच्या सरासरीचं झालं. आजारी आणि निरोगी माणसांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की एकट्या माणसाच्या आकड्यावरून निदान करता येत नाही. स्किझोफ्रेनियातही ते कमी सापडतं, म्हणजे आजार कोणता हेही कळत नाही. तरी रिपोर्टवर आकड्यापुढे ठळक 'लो' छापलेलं. आधीच धास्तावलेल्या घरात असा कागद जायलाच नको.

आता रक्ताकडे वळू, कारण खरा घोळ तिथे आहे. रक्तातलं बहुतेक बीडीएनएफ प्लेटलेटमध्ये (रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशींमध्ये) साठलेलं असतं आणि रक्त गोठताना बाहेर पडतं. म्हणून सीरममधला आकडा नॅनोग्रॅममध्ये येतो आणि प्लाझ्मातला, म्हणजे गोठू न दिलेल्या रक्तातल्या द्रवातला, त्याहून हजारपट लहान पिकोग्रॅममध्ये. सीरमसाठी ट्यूब भरल्यावर ती साध्या तापमानाला 30 ते 60 मिनिटं उभी ठेवायची, प्रत्येकाची सारखाच वेळ. मग सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवायची, आणि लगेच तपासायचं नसेल तर सीरम वेगळं करून उणे 80 अंशांवर. इथे लाल झाकणाची, म्हणजे सीरमची, ट्यूब भरल्या भरल्या बर्फाच्या डब्यात गेली. थंडीत गुठळी नीट धरत नाही, प्लेटलेट पुरत्या मोकळ्या होत नाहीत, आणि आकडा खोटा खाली येतो. प्लाझ्माची रीत याच्या नेमकी उलट: ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेली जांभळी ट्यूब, थंड ठेवायची, लवकर फिरवायची, तीही दोनदा, म्हणजे प्लेटलेट मागे राहत नाहीत. या रिपोर्टवर सीरम की प्लाझ्मा हेच लिहिलेलं नाही. तपासणीच्या किटचं नावही नाही, आणि काही किट पक्कं बीडीएनएफ आणि त्याचं कच्चं रूप असं दोन्ही एकत्र मोजतात.

डेंगीत प्लेटलेट उतरल्या असतील तर सीरममधलं बीडीएनएफही उतरणार, त्याचा मनाशी संबंध नाही. नुसत्या हिमोग्लोबिनऐवजी सीबीसी (रक्तपेशींची पूर्ण मोजणी) ठेवलं असतं, तर हिमोग्लोबिनच्याच जांभळ्या ट्यूबमधून प्लेटलेटचा आकडा मिळाला असता. कमाटीबागेत धावून येऊन लगेच रक्त दिलं तर व्यायामामुळे बीडीएनएफ तेवढ्यापुरतं चढतं. फॉर्ममध्ये ना व्यायामाचा रकाना, ना चालू औषधांचा, ना रक्त घेतल्याच्या वेळेचा.

तेव्हा पॅकेज न घेता टीएसएच, बी12 आणि सीबीसी सुटं करून घ्या, लॅब करून देते. ड जीवनसत्त्व डॉक्टरांना विचारून. मनाची स्थिती मोजायची तर पीएचक्यू-9 ही फुकटची प्रश्नावली जास्त कामाची आहे: 9 प्रश्न, 0 ते 27 गुण, 10 किंवा वर गेले तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटायचं. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे शून्याखेरीज काहीही आलं तर बेरजेची वाट पाहू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा. अगदी जीव धोक्यात असेल तर थेट इस्पितळ गाठा.

आणि घरात कुणी लिथियम (बायपोलरवरचं औषध) घेत असेल, तर बीडीएनएफचे पैसे लिथियम लेव्हलला, म्हणजे रक्तातलं त्याचं प्रमाण मोजायला, लावा. रात्रीच्या गोळीनंतर 12 तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्यायचं. त्या आकड्यावर डॉक्टर खरोखर डोस बदलतात.