चार फुटी की पाच फुटी? छोट्या ट्रॅक्टरच्या मागच्या अवजारांचं माप

अवजार घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, "इतक्या एचपीला किती फुटी चालेल?" प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच. एकाच ट्रॅक्टरला रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारा) चार फुटी शोभतो आणि माती सारायचं ब्लेड पाच फुटी लागतं, हे नुसत्या एचपीवरून कळत नाही.

समजा, ट्रॅक्टर २५ एचपीचा आहे, वजन ९०० किलो आणि मागच्या टायरांची रुंदी बाहेरून बाहेर ११० सेंमी. ही रुंदी स्वतः टेप लावून मोजा. टायर आत-बाहेर बसवता येत असतील, तर माहितीपत्रकातला आकडा तुमचा असेलच असं नाही.

रोटाव्हेटरपासून सुरुवात करू, कारण घोळ इथेच जास्त होतो. इंजिन २५ एचपीचं असलं तरी पीटीओला, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्याला, साधारण २० ते २१ मिळतात. ढोबळ हिशोबाने रोटाव्हेटरला फुटामागे चार ते पाच पीटीओ एचपी लागतात. भारी, चिकट जमिनीत पाचाच्याही वर. म्हणजे चार फुटी (१२२ सेंमी) आरामात चालतो, टायरचे माग झाकून दोन्हीकडे सहा-सहा सेंमी उरतात. पाच फुटी (१५२ सेंमी) वाफसा चांगला असेल तर चालेल, घात चुकली की इंजिन दबणार. तीन फुटी मात्र टायरच्या आतच राहतो. मग तो एका बाजूला सरकवून बसवावा लागतो, नाहीतर चाकाने दाबलेला पट्टा तसाच राहतो. बागेच्या अरुंद ओळींसाठी ठीक; मोकळ्या रानात मी घेणार नाही.

"पाच फुटीने काम लवकर उरकतं" हेही तपासून पाहू. दर फेरीला १० सेंमी माग चढवून धरला, तर ५० मीटर रुंदीच्या रानात चार फुटीच्या ४५ फेऱ्या होतात, पाच फुटीच्या ३६. पण लोडमुळे खालचा गिअर टाकावा लागला आणि वेग पाचव्या हिश्श्याने घटला, की हा सगळा फायदा गेला. वर डिझेल आणि क्लच.

आता वजन. छोटे ट्रॅक्टर ताकदीच्या आधी इथे अडतात. पाच फुटी रोटाव्हेटर २८० किलोचा, त्याचा भार मागच्या आसापासून १२० सेंमीवर आणि दोन आसांमधलं अंतर १५० सेंमी धरा. उचलल्यावर पुढच्या चाकांवरचे २२४ किलो कमी होतात. तिथे मुळात ३६० किलो असतील तर उरले १३६. रिकाम्या ट्रॅक्टरच्या वजनाचा पाचवा हिस्सा, इथे १८० किलो, पुढे राहिला नाही तर स्टिअरिंगचा भरवसा नाही. २२० किलोचा चार फुटी तेवढ्याच अंतरावर असेल तर १८४ उरतात, म्हणजे जेमतेम. पुढे वजनं लावून हा प्रश्न सुटतो, पण पुढचा आस किती भार घेतो ते पाहूनच लावा. लिफ्टची (अवजार उचलायची) क्षमता वाचताना ती खालच्या लिंकच्या, म्हणजे अवजार धरणाऱ्या दांड्यांच्या, टोकाशी मोजली आहे की ६१० मिमी मागे, हेही बघा. मागे मोजलेला आकडा बराच कमी येतो, आणि खरा उपयोगाचा तोच.

ब्लेडचं गणित उलटं. त्याला पीटीओ लागत नाही, वजनही कमी. चार फुटी ब्लेड सरळ असताना टायर झाकतं. ३० अंश तिरकं केलं की रुंदी १०६ सेंमीवर येते आणि एक चाक न सारलेल्या मातीवर चढतं. पाच फुटी तिरकं असूनही १३२ सेंमी उरतं. इथे पाच फुटीच घ्या.

गवत कापायच्या स्लॅशरलाही फुटामागे पाचेक पीटीओ एचपी धरा, म्हणजे चार फुटी. कल्टिव्हेटरमध्ये चूक स्वस्तात निस्तरते: चाकं घसरायला लागली की दोन फण काढून टाका. मात्र चाकांच्या मागचे फण काढू नका.

पैसे देण्याआधी पिना जुळवून बघा. कॅटेगरी १ ला (छोट्या ट्रॅक्टरच्या जोडणीचं ठरलेलं माप) खालची पिन २२ मिमी, वरची १९. पीटीओ शाफ्ट जोडून अवजार पूर्ण वर-खाली करा. कुठल्याही उंचीला शाफ्ट आत टेकत असेल तर तो मापात कापून घ्यावा लागेल, आणि सगळ्यात लांब होतो तिथे दोन्ही नळ्या एकमेकीत पुरेशा राहतात का तेही पाहा.